पिकअपची सकाळची थरथर

पिकअपची गोष्ट सांगायला लागले की माझा आवाज चढतो, असं माझी मुलं म्हणतात. चढतो. चढू दे. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, माणसांची नावं पटकन आठवत नाहीत, पण त्या हिवाळ्यातला राग अजून जसाच्या तसा आहे आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही. आयुष्यात पुष्कळ गोष्टी मी समजुतीनं घेतल्या. ही एक घेतली नाही.

तेव्हा आम्ही डोंगरकड्याला राहायचो. आबा, माय आणि मी. थोरल्या बहिणीचं लग्न होऊन गेलेलं, मी बारावी करून घरी बसलेली आणि माझ्यासाठी स्थळं बघणं चाललेलं. शेळ्या-मेंढ्या आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या. घराच्या मागच्या अंगाला त्यांचं काटेरी कुंपणाचं आवार होतं आणि पहाटे सगळ्यांच्या आधी जाग यायची ती बोकडांना. त्यांचं खाकरणं, मग मायच्या जात्याशेजारच्या डब्याचं झाकण, मग हापशाचा दांडा, असे आवाज ठरल्या क्रमानं यायचे. मी चुलीपाशी बसायचे. मागचं दार उघडं ठेवूनच भाकरी करायची मला सवय, कारण धूर कोंडला की मायला खोकला लागायचा. त्या दारातून समोरच पिकअप दिसायची. पत्र्याच्या छपराखाली, तोंड आमच्याकडं करून.

ती काही नवी नव्हती. आबांनी ती दुसऱ्याकडून घेतलेली, आणि ती जुनी आहे असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. रंग कधीकाळी पांढरा असावा. मागच्या फळीची एक साखळी तुटून तिथं सुतळी आली होती. आठवडी बाजाराला बकरी न्यायची, हळदीच्या दिवसांत वसमतला पोती न्यायची, आणि मधल्या काळात गावातलं कोण आजारी, कुणाचं बाळंतपण अडलं, त्यांना दवाखान्यात पोचवायचं, अशी तिची कामं. चालवायचे सोपानमामा.

मामा माझे सख्खे मामा नव्हते. मायचं माहेर सेनगावकडचं साखरा, मामाही त्याच गावचे, म्हणून मामा. गावाकडचा कोरडवाहू तुकडा भावांच्या हवाली करून ते आमच्याकडं गाडी चालवायला आले ते आठ वर्षं राहिले. बाहेरच्या खोलीत झोपायचे, आमच्यातच जेवायचे, मायला अक्का म्हणायचे. माणूस बुटका, काळा, बोलण्यात फार सावकाश. पिठल्यात मीठ कमी पडलं तरी तसंच खायचे, आणि मायनं विचारलं तर म्हणायचे, "मीठ काय पळून जातंय व्हय अक्का? उद्या टाका." पण गाडीच्या बाबतीत त्यांना तसूभर कमीजास्त चालत नसे. रोज पहाटे चावी अर्धी फिरवून ते थांबायचे. समोर एक लाल दिवा लागायचा. तो विझेपर्यंत ते चावी पुढं फिरवत नसत.

एकदा मी विचारलं, "मामा, रोज काय वाट बघता तुमी?"

"चार चुली हायत हिच्या पोटात, अनसे," ते म्हणाले. माझं नाव अनसूया, पण मामांच्या तोंडी कायम अनसे. "चारी गरम झाल्याबिगर डिझेल पेटत न्हाई. एकेका चुलीत एकेक हीटर बसवलाय. दिवा इझला का समजायचं, झाल्या गरम. मंग मारायचा सेल."

आणि चावी पुढं फिरवून सेल मारला की गाडी एका दमात सुरू व्हायची. तिचा एक एकसारखा घुमणारा आवाज होता. त्या आवाजावर मी भाकरी थापायचे, म्हटलं तरी चालेल. आठ वर्षं तोच आवाज ऐकल्यावर तो कान देऊन ऐकावा लागत नाही, तो फक्त असतो. बिघडला की मात्र लगेच कळतं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आसपास वसमतच्या एका मिस्त्रीनं ते चारी हीटर बदलून दिले होते. पुढं थंडी पडायला लागली. तुरीच्या शेंगा भरल्या, सकाळी हातपाय धुताना पाणी चावायला लागलं, आणि पिकअप थरथरायला लागली. सुरू व्हायची, पण आधी दोन-तीनदा सेल मारावा लागे. सुरू झाली की नुसती उभ्या जागी चालू ठेवली तरी पायात काटा मोडलेल्या बकरीसारखी चालायची. गुर, गुर, गुर, आणि मग एक ठोका गायब. पुन्हा गुर, गुर, गुर, आणि एक गायब. बोनेट हलायचं, आरसा हलायचा, मागच्या फळीची साखळी खुळखुळायची. पांढरा धूर निघायचा आणि तो थेट आमच्या दारातून आत. डोळे झोंबायचे, बकऱ्या शिंकायच्या. पाच-सात मिनिटं हा सगळा प्रकार, मग हळूहळू ठोका जुळून यायचा आणि दिवसभर गाडी अशी चालायची की सकाळी काही झालं होतं हे सांगून कुणाला खरं वाटू नये.

मामांनी पहिल्याच दिवशी आबांना सांगितलं, "आबा, एक चूल पेटून न्हाई राहिली."

"चालती ना?" आबा म्हणाले. "मंग?"

दुसऱ्या दिवशी सांगितलं, चौथ्या दिवशी सांगितलं. आठवड्यानं आबांनी कंटाळून गाडी वसमतला न्यायचं कबूल केलं. मलाही ब्लाउजचं कापड आणायचं होतं, म्हणून मी मधे बसले. त्यामुळं पुढं जे झालं ते मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे.

मिस्त्रीचं गॅरेज बसस्टँडच्या समोर होतं. बाजूला चहाची टपरी, आणि टपरीवर नेहमीची दहा-बारा माणसं. गाडी तासाभरापेक्षा जास्त चालून आलेली, इंजिन चांगलं तापलेलं. मिस्त्रीनं बोनेट न उघडता रेस दिली, कान लावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "कुठं काय? मस्त चालून राहिली."

मामा म्हणाले, "मिस्त्री, आता ही गरम हाय. थंडीत दाखवती ती. एक रात गाडी इथंच ठिवा, सकाळी तुमच्या कानानं ऐका. दसऱ्याला हीटर बसवल्यापासून हे चालू झालंय, म्हून म्हनतो."

अगदी शांतपणे म्हणाले. पण शेवटचं वाक्य मिस्त्रीला झोंबलं. "म्हंजे माझ्या हातानं बिघडली म्हन की," असं म्हणून त्यानं टपरीकडं बघितलं, आणि टपरीवरची माणसं इकडं बघायला लागली. मग त्यानं डिझेलच्या टाकीचं झाकण काढलं, तारेला चिंधी बांधून आत बुडवली, बाहेर काढून नाकाशी धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आबा, डिझेलात रॉकेल हाय. पांढरा धूर निघतो ना? डोळे झोंबतात ना? मंग अजून काय पायजे? तुमच्या ड्रायव्हरला इचारा, चांगलं डिझेल कुठं जातं ते."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

मी आज विचार करते तेव्हा अंगाचा संताप होतो. रेशनचं रॉकेल निळं असायचं. घरोघरी स्टोव्हला तेच वापरायचे, त्याचा रंग आणि वास शेंबड्या पोराला ठाऊक होता. त्या चिंधीवर निळ्याचा मागमूस नव्हता. पण ती चिंधी कुणी हातात घेऊन बघितली नाही, आबांनीही नाही. एका माणसानं गॅरेजची पाटी लावलेली होती, तो शहरातला होता, आणि मोठ्यानं बोलला. तेवढं पुरलं. आबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. चार माणसांत आपलं हसं झालं, एवढंच त्यांना दिसत होतं. मामा त्यांच्याकडं बघत उभे होते. आबा म्हणाले, "चला."

वाटभर आबा खिडकीबाहेर बघत बसले. घरी आल्यावर आबा गाडीतून उतरता उतरता म्हणाले, "सोपान, उद्यापासून गाडी मी चालवीन." बस, एवढंच. मामांनी वाद घातला नाही. वळकटी बांधली. मायनं घाईघाईनं चार भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला, तो घेतला. संध्याकाळच्या बसनं ते साखऱ्याला गेले. मी दारात उभी होते आणि माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. वीस वर्षांची धड पोरगी, चिंधीचा रंग बघितलेली, आणि मुक्यासारखी उभी. राग आबांवर आहे तसा माझ्यावरही आहे, हे इथं लिहून ठेवते.

गावात बातमी आमच्या आधीच पोचली होती. दळणाच्या गिरणीत एक बाई मला म्हणाली, "तुमचा ड्रायव्हर रॉकेल घालत व्हता म्हनं." दुसरी म्हणाली, "गरीब दिसत व्हता की गं." मायनं आबांशी बोलणं बंद केलं. म्हणजे बोलायची, पण माझ्यामार्फत. आबा समोर बसलेले असायचे आणि ती मला सांगायची, "तुह्या बापाला इचार, अजून भाकर पायजे का." एकदाच तिचा बांध फुटला. "माह्या माहेरचा माणूस चोर निघाला, असं एकदा सरळ म्हना की मला," ती म्हणाली. आबा ताट ढकलून उठून गेले.

आणि पिकअप? ती रोज सकाळी तशीच थरथरत होती. हीच गोष्ट मला कुणाच्या लक्षात येत नाही याचं नवल वाटायचं. मामा गेले, आबांनी स्वतः पंपावर उभं राहून डिझेल भरलं, टाकीला कुलूप लावलं, आणि तरी रोज पहाटे गुर, गुर, गुर, आणि एक ठोका गायब. मी मायला म्हटलं. माय म्हणाली, "तुह्या बापाला सांग." आबांना सांगितलं तर म्हणाले, "जुनं रॉकेल ऱ्हायलं असंल तळाला."

भाकरी करताना माझं डोकं त्याच एका गोष्टीभोवती फिरत राहायचं. टाकी एक आहे. त्याच टाकीतलं डिझेल चारी चुलींना जातं. डिझेल खराब असतं तर चारी चुली सारख्याच रडल्या असत्या. मग तीन ठोके बरोबर आणि एकच गायब, असं कसं? आणि गरम झाल्यावर तो परत कसा येतो? रॉकेल काय ऊन लागल्यावर उडून जातं? म्हणजे खोट डिझेलमध्ये नाही. एका चुलीत आहे, आणि ती थंड असतानाच आहे. मामा हेच तर सांगत होते. पण कोणती चूल, हे कसं कळणार?

ते मला तव्यापुढं कळलं. भाकर टाकायच्या आधी तवा तापला का ते बघायला मी नेहमीसारखं पाण्याचं बोट झटकलं, थेंब चुरचुरला आणि उडाला. आणि मी तशीच थांबले. बोनेट उघडलेलं असताना मी आत कितीदा बघितलं होतं. इंजिनाच्या एका बाजूनं चार जाड बिडाच्या नळ्या बाहेर येतात आणि पुढं एकाच नळीत मिळतात, तिथून धूर सायलेन्सरला जातो. एकेका चुलीची एकेक नळी. जी चूल पेटलेली नाही तिची नळी गार राहणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे आबा गाडीत बसले तेव्हा मी वाटीत पाणी घेऊन बाहेर आले. ओढणी कमरेला गच्च खोचली आणि म्हटलं, "आबा, बोनेट उघडा."

"काहून?"

"उघडा तं खरं."

"आत जा. पंख्यात ओढणी अडकंल, तोंड फुटंल. पोरीच्या जातीचं काम हाय का ते?"

"न्हाई जात," मी म्हटलं. असं मी आबांना तोवर कधी म्हटलं नव्हतं. माय चुलीपासून उठून दारात येऊन उभी राहिली. आबांनी तिच्याकडं बघितलं, खाली उतरून बोनेट वर केलं आणि रागारागानं परत जाऊन सेल मारला.

गाडी थरथरत सुरू झाली. मी मनात शंभर मोजले. मग पंख्याकडच्या पहिल्या नळीवर पाण्याचं बोट झटकलं. चुर्र. दुसरीवर. चुर्र. तिसरीवर, चुर्र. चौथी अगदी मागं, काचेखालच्या पत्र्याला लागून, तिथं नीट हातही पोचत नव्हता. वाकून पाणी टाकलं. थेंब तसेच बसून राहिले. पुन्हा टाकलं. ते ओघळून खाली गेले. मी आबांना हाक मारली, "इकडं या. तुमच्या डोळ्यांनी बघा."

आबा आले. मी पुन्हा चारींवर पाणी टाकलं. तीन चुरचुरल्या, चौथीवर पाणी. आबा गाडी बंद करून उजेडाला हातबॅटरी घेऊन आले. चारी हीटरांच्या डोक्यांवरून एक पितळी पट्टी जाते, तिच्यातून वीज एकाकडून दुसऱ्याकडं जाते, आणि प्रत्येक डोक्यावर एकेक बारका नट ती पट्टी दाबून धरतो. तीन नट होते. चौथा नव्हताच. पट्टी नखभर वर उचललेली. दसऱ्याला त्या मिस्त्रीचा हात तिथं मागं नीट गेला नाही आणि त्यानं नट बसवलाच नाही. एवढीच गोष्ट. बोनेट उघडून, एक सकाळ थांबून बघितलं असतं तर त्याला दिसली असती. पण त्यानं इंजिनात बघण्याऐवजी एका माणसाच्या तोंडाला काळं फासणं पसंत केलं, कारण ते सोपं होतं.

आबांनी पत्र्याच्या डब्यातून तसा नट हुडकला आणि पान्यानं कसला. त्या दिवशी इंजिन गरम झालं होतं म्हणून काही कळणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे लाल दिवा विझल्यावर आबांनी सेल मारला आणि गाडी एका दमात उठली. तोच जुना आवाज, एकसारखा घुमणारा. धूर नाही. माय पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, आता आबा म्हणतील की साखऱ्याला जाऊ. आबा म्हणाले, "हं." आणि बकरी भरायला गेले.

एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. मग एका दुपारी कळमनुरीकडचे एक गृहस्थ माझ्यासाठी स्थळ घेऊन आले. मी चहा घेऊन गेले तेव्हा बोलणं गाडीवर आलेलं. ते म्हणाले, "तुमची पिकअप खराब झाली व्हती म्हनं, ड्रायव्हरनं रॉकेल घातलं म्हून?" आणि माझे आबा, ज्यांनी स्वतःच्या हातानं तो नट कसला होता, ते म्हणाले, "झाली आता बराबर. वसमतच्या मिस्त्रीनं बघितली."

माझ्या हातातला ट्रे मी कसा खाली ठेवला कुणास ठाऊक. "मिस्त्रीनं न्हाई बघितली," मी म्हटलं. "म्या बघितली. त्यात रॉकेल नव्हतंच कधी. मिस्त्री नट बसवायचा इसरला आन आमच्या मामाला चोर केलं त्यानं. आन आमच्या आबांनी होऊ देलं."

गृहस्थांनी चहा अर्धा ठेवला. ते स्थळ अर्थातच गेलं, आणि त्याचं मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही. ते गेल्यावर आबा माझ्या अंगावर ओरडायला उठले, तशी माय मधे आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती सरळ त्यांच्याशी बोलली. "पोरीवर कशाला वरडता? खोटं बोलली का ती? उद्या साखऱ्याला जायचं. तुमी येत नसाल तं आमी दोघी बसनं जातो."

आबा आले. कसे आले, किती कुरकुरत आले, ते सांगत नाही, पण आले. मामा शेतातच होते, हरभऱ्यात. आम्हाला घरी बसवून मामींनी त्यांना निरोप धाडला. मामींना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. उंच, हाडापेराच्या, पदर घट्ट आवळलेल्या. मामा आले, हातपाय धुतले, माझ्याजवळ बसले आणि आधी काय विचारलं, तर, "गाडी कशी हाय?"

"चांगली हाय," मी म्हटलं. "चवथी चूल व्हती, मामा. मागची. हीटरला नटच नव्हता."

त्यांचा चेहरा उजळला. खरोखर उजळला. "तीच म्हना की! तिथं मागं हातच जात न्हाई. आन तुला कसं कळलं?" मी पाण्याचं सांगितलं. ते कितीतरी वेळ मान हलवत राहिले. "पाणी झटकून बघितलं? तव्यावानी? भले गं लेकी." त्या सगळ्या प्रकरणात मला मिळालेली शाबासकी ती एवढीच, आणि ज्याचं नुकसान झालं होतं त्याच्याकडून मिळालेली.

मग आबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "सोपान, चूक माझी झाली. झालं ते झालं. चल परत."

मामा बोलायच्या आत मामी बोलल्या. उभ्याच होत्या, चुलीकडं पाठ करून. "ते हितं कशाला सांगता, आबा? आमाला ठावं व्हतं यायनं काय केलं न्हाई ते. ते बोलनं आमच्या घरात झालं नव्हतं. वसमतला धा माणसांत झालं. जिथं झालं तिथं जाऊन सांगा."

आबांना ते बोलणं कसं लागलं ते मला त्यांच्या मानेवरच्या शिरेवरून कळलं. पण ते नाही म्हणू शकले नाहीत. माय समोर बसली होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मामा बसनं वसमतला आले. आम्ही पिकअपनं गेलो, आबा आणि मी. त्याच टपरीपुढं आबांनी गाडी उभी केली. मिस्त्री एका जीपखाली होता. आबांनी हाक मारली, "मिस्त्री, बाहेर या जरा." तो अर्धा बाहेर आला, मामांना बघितलं, सगळं समजला, आणि म्हणाला, "एवढ्याशा नटाचं काय घेऊन बसलात, आबा? काम करताना ऱ्हातो एखादा." म्हणजे त्याला कळलं होतं! कुणाकडून तरी कानावर गेलं होतं आणि तो गप्प बसला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबा टपरीकडं वळले. आवाज कापत होता, पण मोठा होता. "मंडळी, ह्या सोपाननं रॉकेल घातलं असं हितं बोललं गेलं व्हतं. ते खोटं व्हतं. डिझेल चांगलं व्हतं. ह्या मिस्त्रीनं नट बसवला न्हाई म्हून गाडी थरथरत व्हती. हे माझ्या पोरीनं शोधून काढलं."

मिस्त्री पुन्हा जीपखाली गेला. तिथून त्याचे नुसते पाय दिसत होते. टपरीवरची माणसं आपापल्या कपात बघायला लागली. त्या दिवशी हसलेल्यांपैकी किती जण तिथं होते मला माहीत नाही. एक जण तेवढा मामांना म्हणाला, "या, चहा घ्या." मामांनी चहा घेतला, कप ठेवला, आबांना म्हणाले, "बरं हाय आबा. गाडी जपा," आणि रस्ता ओलांडून स्टँडकडं निघाले.

"सोपान, सामान घेऊन कधी येतो?" आबांनी मागून विचारलं. मामांनी नुसता हात वर केला. मी त्यांच्यामागं धावले. साखऱ्याकडं जाणारी बस लागलेली होती. मी म्हटलं, "मामा, आता तं सगळं झालं. आता काहून येत न्हाई?"

ते पायरीपाशी थांबले. "मिस्त्रीचा मला राग न्हाई, अनसे," ते म्हणाले. "तो परका. त्याला त्याची पाटी वाचवायची व्हती. पर तुह्या आबानं मला इचारलं न्हाई गं. आठ वर्सं एका ताटात जेवलो. एकदा इचारायचं व्हतं, सोपान, तू केलं का. म्या न्हाई म्हनलो असतो. मंग धरलं असतं खोटं, तरी चाललं असतं. पर इचारलंच न्हाई." मग ते आत जाऊन खिडकीशी बसले.

मी परत आले. आबा गाडीत बसले होते, गाडी चालू, दोन्ही हात स्टिअरिंगवर. "काय म्हनला?" त्यांनी विचारलं.

सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. म्हटलं, "तुमीच जाऊन इचारा."

बस समोर उभी होती. मामांची खिडकी आमच्या काचेतून दिसत होती. कंडक्टर अजून खाली उभा राहून गावांची नावं ओरडत होता. रस्ता ओलांडायला किती वेळ लागला असता? आबांनी तिकडं बघितलं, मग स्टिअरिंगकडं बघितलं, मग परत तिकडं. कंडक्टर वर चढला, घंटी वाजली, बस वळली आणि गेली. आबा उतरले नाहीत.

त्यानंतर आबा पुष्कळ वर्षं जगले. म्हातारपणी मला म्हणायचे, "त्या दिवशी उतरायला पायजे व्हतं." मी म्हणायचे, "व्हय. पायजे व्हतं." त्यांना बरं वाटावं म्हणून त्यापेक्षा वेगळं काही मी कधीच बोलले नाही.